दोघी चालत आल्या की

आमच्या जाऊबाई माझ्याबरोबर रस्त्याने कधी चालल्या नाहीत. चर्चला जायचं असलं तरी मी आधी निघायचं, कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी पोचायचं, मग त्या घराला कडी लावून निघणार. मी जरा रेंगाळले की मागून हाक यायची, "धाकटे, पाय उचल! माझ्याबरोबर दिसू नकोस." लग्न होऊन नवी आले तेव्हा मला वाटलं, बाईला माझी लाज वाटते. रुसूनही बसले. मग कळलं, यात माझा काही दोष नव्हता. जाऊबाई आणखी एखाद्या बाईबरोबर चालत येताना दिसल्या की लोक धसकायचे.

आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाचा एक नियम आहे, आणि तो जाऊबाईंनीच घालून दिलेला. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी बातमी फोनवर सांगायची नाही. मंडळातल्या दोघींनी चालत जायचं आणि समोर उभं राहून सांगायची. दोघी का, तर एक सांगणार आणि दुसरी धरणार. सांगणारी कायम आमच्या जाऊबाई. धरायला बहुतेक वेळा चर्चमध्ये उपासना चालवणाऱ्या पाळकांची बायको, तिला आम्ही पाळकीणबाई म्हणतो. गावात जाऊबाईंना पाठीमागे 'तार' म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा या दोघी कार्यक्रमासाठी खुर्च्या मागायला एका घरी गेल्या, तर तिथल्या बाईने त्यांना फाटकात बघूनच धाडकन अंग टाकलं. खुर्च्या राहिल्या बाजूला, दोघी तिच्याच तोंडावर पाणी मारत बसल्या.

तुम्ही हसाल, पण हा नियम कुणा हुशार माणसाने डोकं चालवून काढलेला नाही. माझे मोठे दीर गेले तेव्हा रस्त्यावरून सायकलने जाणाऱ्या कुणीतरी ओरडून सांगितलं, "अहो, तुमचे मालक गेले!" आणि पायडल मारत तसाच पुढे निघून गेला. जाऊबाईंच्या हातात उकळत्या पाण्याचं पातेलं होतं. डाव्या पायावर त्याची खूण अजून आहे. म्हणून त्या मंडळातल्या नव्या बायकांना शिकवायच्या, आधी तिच्या हातात काय आहे ते बघा. सुरी असो, पातेलं असो, तान्हं मूल असो, ते आधी काढून घ्या. मग तिला बसवा. मग एका वाक्यात सांगा. 'जरा बरं नाही', 'दवाखान्यात नेलंय' असल्या थापा नकोत. आणि तिच्या आधी रडायचं नाही. पहिलं रडायचा हक्क तिचा.

त्यांचं स्वतःचं तोंड तर असं की त्यावरची एक रेघ हलायची नाही. घरातही तेच. मुलगा शेवटच्या परीक्षेत पास होऊन उड्या मारत आला, तेव्हा या म्हणाल्या, "हं, जेवून घे." बस्स. मला तेव्हा असा राग आला होता!

बाकीच्या घरांना कळवायला फोनची साखळी होती. घरटी एक फोन. एकीने दुसरीला सांगायचं, दुसरीने तिसरीला, काय झालं आणि प्रार्थनेला कधी जमायचं, एवढंच. ज्या घरची बातमी असेल ते घर वगळून पुढच्या घरी फोन करायचा. साखळीत आमच्या आधी शेजारची शिंपीणबाई, तिच्या आधी शाळेतल्या नव्या बाई आणि आमच्या नंतर गिरणीवाली.

शिंपीणबाईचं आणि आमचं घर एकमेकांना चिकटलेलं, मधली भिंत एकच. तिचं मशीन सुरू झालं की आमच्या फळीवरचे कप थरथरायचे आणि जाऊबाई भिंतीवर पळी आपटायच्या. उलट जाऊबाई फोनवर बोलायला लागल्या की पलीकडून आवाज यायचा, "ताई, फोन कशाला? नुसतं दार उघडून बोला, पोचेल!" लांबच्या माणसाला ऐकू जायचं तर ओरडायलाच हवं, अशी जाऊबाईंची समजूत होती, आणि ती कुणाला बदलता आली नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघी बटाटे सोलत बसलो होतो. दूधवाला उशिरा आला. दाराशी कॅन ठेवता ठेवता म्हणाला, "तुम्ही अजून घरीच? मंडळाच्या बायका चर्चमध्ये जमल्यात की."

"कशाला?" मी विचारलं.

"खाणीत कडा कोसळला ना! एक माणूस गेला म्हणतात. सगळ्या घरी फोन गेलेत. तुम्हाला नाही..." आणि त्याने जीभ चावली. रिकामा कॅन न घेताच तो गाडीत जाऊन बसला.

जाऊबाईंचा एकुलता एक मुलगा खाणीत कामाला. माझा नवरा दूर शहरात, मला मूलबाळ नाही. मी आले तेव्हा शाळेत जाणारा हा पुतण्या माझ्याच हाताखाली वाढलेला.

मी फोन उचलून पाहिला. चार्ज होता, रेंज होती. कुणाचाही फोन आलेला नव्हता. पुतण्याला लावला. खाणीत रेंज कधीच नसते हे माहीत असून लावला. मग म्हटलं, "मी पाळकीणबाईंना विचारते."

"ठेव तो."

"अहो, पण निदान..."

"ती फोनवर सांगायची नाही. मीच शिकवलंय तिला. उगाच तिला खोटं बोलायला लावू नकोस."

मग त्यांनी हातातली सुरी बाजूला ठेवली. बटाट्यांची टोपली टेबलाखाली सरकवली. शेगडीवरचं पातेलं उतरवून लांब कोपऱ्यात नेऊन ठेवलं. खुर्ची दाराकडे तोंड करून ओढली, बसल्या आणि दोन्ही रिकामे हात मांडीवर ठेवले. त्या काय करत होत्या ते माझ्या लक्षात आलं. कुणाला त्रास नको म्हणून बाईने स्वतःच स्वतःची तयारी करून ठेवली होती.

एवढ्यात भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं. कप थरथरले.

जाऊबाई ताडकन उठल्या. "शिवतेय! साखळीत माझ्या आधी ती. तिला फोन आला, मला वगळलं, आणि बसलीय शिवत!" इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा फाटलेला मी ऐकला नव्हता. मी मागोमाग धावले.

शिंपीणबाई दाराजवळच्या उजेडात होती. मशीनवरून उठून चर्चच्या टेबलासाठी आणलेलं पांढरं कापड पसरून बेतत होती. हातात मोठी कात्री. आम्हाला बघून म्हणाली, "आलात? भिंत ठोकून भागेना म्हणून स्वतःच आलात वाटतं."

"तुला फोन आला का?"

"कुणाचा? सकाळपासून एकदाही वाजला नाही. म्हटलं, चला, आज प्रभूने शांतता दिली." मग तिने जाऊबाईंकडे नीट पाहिलं. "ताई, काय झालं?"

जाऊबाई तिच्याशी भांडायला आल्या होत्या आणि आता त्यांना कळलं की हिलाही वगळलंय. शिंपीणबाईचा नवरा खाणीतच होता.

"खाणीत कडा कोसळलाय," त्या म्हणाल्या. "एक माणूस गेलाय. मलाही फोन आलेला नाही."

शिंपीणबाई मंडळातली जुनी. तिला समजवायला लागलं नाही. "एकच?" तिने विचारलं.

"एकच म्हणतात."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. चर्चला जाऊन विचारावं, असं मी पुटपुटले, पण दोघींपैकी कुणी हललं नाही. तिथे गेल्यावर कुणाचा ते कळणार होतं; इथे निदान उभं तरी राहता येत होतं.

"ताई, प्रार्थना करा," शिंपीणबाई म्हणाली.

"कुठली करू?"

"नेहमी करता तीच."

"नेहमी दुसरीसाठी असते. आज काय मागू? माझा वाचू दे म्हणू? म्हणजे मग तुझा..." जाऊबाई थांबल्या. "तुझ्या दारात उभी राहून हे मागू?"

"मग मोठ्याने नका मागू," शिंपीणबाई म्हणाली आणि पुन्हा कापडावर वाकली. कात्री चालेना. खडूची रेघ एकीकडे आणि कात्री भलतीकडे. जाऊबाई चौकटीला टेकून उभ्या, डोळे मिटलेले नव्हते, हात जोडलेले नव्हते. दोघी मनात काय मागत होत्या ते मला स्वच्छ दिसत होतं, आणि दोघींनाही दुसरीचं दिसत होतं. मला तर एवढाही सज्जनपणा जमला नाही. मी सरळ पुतण्याचंच नाव घेत होते.

गिरणीच्या कोपऱ्यावरून दोघी वळल्या. पाळकीणबाई आणि गिरणीवाली.

"माझ्याशिवाय निघाली," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "मला न्यायला आली नाही. म्हणजे माझ्याकडेच." त्यांनी चौकट घट्ट धरली. मी त्यांच्या दंडाला धरलं, तर तो नुसता लाकूड झाला होता.

त्या दोघी मान खाली घालून चालत होत्या. आमचं फाटक आधी लागतं. तिथे त्यांची पावलं मंद झाली. मग पाळकीणबाईंनी मान वर केली आणि आम्हाला शिंपीणबाईच्या दारात पाहिलं. जिची बातमी आहे तिच्याकडेच बघत जायचं, भलतीकडे नजर लावून तिला फसवायचं नाही, हेही जाऊबाईंनीच शिकवलेलं. पाळकीणबाईंची नजर आधी जाऊबाईंवर आली. तिथे थांबली नाही. पुढे गेली.

आणि जाऊबाईंचा चेहरा सुटला. ओठ उघडले, गाल वर चढले, डोळे एकदम भरून आले. त्या हसल्या. ते हसू त्यांनी आणलं नव्हतं, ते आपणहून आलं. पोरगं जिवंत आहे हे कळलेल्या आईचं हसू होतं ते. त्यांनी लगेच हाताने तोंड झाकलं, पण उशीर झाला होता. कारण शिंपीणबाई रस्त्याकडे बघतच नव्हती. ती जाऊबाईंकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "म्हणजे माझे."

जाऊबाईंनी तोंडावरचा हात काढला. पुढे होऊन तिच्या बोटांतून कात्री सोडवून घेतली आणि माझ्याकडे दिली. तिला मशीनच्या स्टुलावर बसवलं. तिच्यासमोर जमिनीवर बसून म्हणाल्या, "हो. तुझा नवरा गेला." पाळकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना बोलायला काही उरलं नव्हतं. शिंपीणबाई रडली, मग जाऊबाई रडल्या.

शाळेतल्या बाईंनी आम्हाला का वगळलं ते नंतर कळलं. भिंत एकच. जाऊबाई फोनवर ओरडून विचारणार, 'कोण गेलं?', आणि पलीकडे शिंपीणबाईला ऐकू जाणार. म्हणून त्या बाईंनी आमचंही घर सोडून थेट गिरणीवालीला लावला. पाळकीणबाईही त्याच भीतीने जाऊबाईंना न्यायला आल्या नाहीत. जाऊबाई कुणावर चिडल्या नाहीत. मी चिडले. असली माया काय कामाची, असं मी शाळेतल्या त्या पोरसवदा बाईंना तोंडावर सुनावलं.

पुतण्या दुपारी आला, डोक्यापासून पायापर्यंत दगडाच्या भुकटीने माखलेला. जाऊबाई म्हणाल्या, "हं, जेवून घे," आणि शेजारी निघून गेल्या.

पण मंडळाच्या पुढच्या सभेत त्यांनी सांगून टाकलं, "ते काम आता दुसरीला द्या. माझं तोंड त्या कामाचं राहिलं नाही." पाळकीणबाईंनी पुष्कळ समजावलं. ऐकतील तर त्या जाऊबाई कसल्या! शिंपीणबाईकडे रोज ताट न्यायच्या, पाणी भरायच्या, पण तिच्या नजरेला नजर द्यायच्या नाहीत. बऱ्याच महिन्यांनी भिंतीपलीकडे मशीन वाजायला लागलं, कप थरथरले, तेव्हा त्यांनी पळी उचलली आणि परत ठेवून दिली.

मग एके दिवशी शिंपीणबाई आमच्या फाटकात आली. एकटीच होती, त्यामुळे मी घाबरले नाही.

"चपला घाला, ताई," ती म्हणाली. "पाववाल्याचा भाऊ गेला. त्याच्या बायकोला अजून ठाऊक नाही. तुम्ही सांगा, मी धरते."

"मी सोडलंय ते."

"ठाऊक आहे."

जाऊबाई खाली बघत म्हणाल्या, "तू मला हसताना पाहिलंस."

"पाहिलं," शिंपीणबाई म्हणाली. "तुमच्या जागी मी असते तर मीही हसले असते. उठा आता. ती बाई पाव कापायला बसली असेल, हातात सुरी असेल."

जाऊबाईंनी चपला घातल्या. दोघी फाटकातून बाहेर पडल्या आणि शेजारी शेजारी चालत निघाल्या. रस्त्यावरच्या दारांतून बायका हातातली कामं खाली ठेवून बघू लागल्या.