पायाचं पाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसानं पाठ फिरवली होती. कचेऱ्या आल्या, साहेब आले, पाट्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं. त्याच वर्षी बिदरकडून एक लिंगायत कुटुंब आमच्या शेजारी राहायला आलं. मुलगा आडत दुकानवाला, आणि त्याची म्हातारी आई. तिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची.

माझे पप्पा पाळक. चर्चच्या आवारात हापसा होता आणि गल्लीत तेवढा एकच चालू होता. शेजाऱ्यावर प्रीती करा, असं पप्पा दर रविवारी सांगत, आणि शेजारी तर आमचं पाणीही घेईनात. “तुमच्यात मटन शिजतंय,” अव्वा तोंडावर म्हणायची. टँकरची वाट बघत ती उन्हात बसून राहायची. एकदा भोवळ येऊन पडली. मम्मीनं तांब्या पुढं केला, तर अर्धवट शुद्धीतही ‘बेडा, बेडा’, नको नको म्हणत तिनं तोंड फिरवलं. मला तिचा असा राग आला! पप्पांची मात्र झोप उडाली. “म्हातारी तहानेनं मरंल आन् मी उपदेश देत बसंन,” म्हणाले.

प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. यंदा तो शेजाऱ्यांच्या उंबऱ्यात करायचा, असं पप्पांनी ठरवलं. आमचं पाणी तोंडात चालत नाही ना, मग पायावर तरी चालेल.

“प्यायची मारामार, आन् पाय धुवायला चाललाव?” मम्मी म्हणाली.

पण पप्पा एकदा पेटले की देवाचंही ऐकत नसत. पांढरा झगा, खांद्यावर पंचा, हातात बादली, अशी वरात निघाली. मागं मी, साबण घेऊन.

दार आडतवाल्यानं उघडलं. त्यानं झगा पाहिला, बादली पाहिली आणि आपल्या परीनं अर्थ लावला. त्यांच्यात जंगम स्वामी घरी आले की त्यांचे पाय धुतात आणि ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. हे स्वामी तर दुष्काळात यजमानाला तोशीस नको म्हणून पाणीही घरूनच घेऊन आले होते!

“अव्वा, सामी आलेत!” म्हणत त्यानं पाट मांडला.

“अहो, तुम्ही बसा. मी धुतो,” पप्पा म्हणाले.

“पाप लावता का सामी? पाद्री असला म्हणून काय झालं, सामी तो सामीच.”

दोघं एकमेकांचे घोटे धरून ओढायला लागले. शेवटी आडतवाला जिंकला. पोती उचललेला गडी तो. त्यानं पप्पांचे पाय परातीत धुतले, वर विभूती लावली, आणि अव्वानं ओंजळ भरून ते पाणी पिऊन टाकलं.

“अव्वा, आमच्या हापशाचंय ते!” मी ओरडले.

“सामीच्या पायाला लागल्यावर पाण्याला घर ऱ्हात न्हाई,” म्हातारी म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी, ऐन उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपासनेच्या आधी आडतवाला आमच्याच हापशावर भरलेल्या दोन घागरी घेऊन दारात हजर. पप्पांनी उजव्या पायाचा अंगठा बुडवला, आणि मग हे रोजचंच होऊन बसलं. “सेवा करायला गेलो आन् सामी होऊन बसलो,” म्हणून ते प्रार्थनेत क्षमा मागायचे. मम्मी त्यांची नखं घासून द्यायची. बंद करावं तर म्हातारी पुन्हा उन्हात बसणार.

मे महिन्यात पप्पांना हिवतापानं गाठलं. अव्वा पहिल्यांदाच आमच्या घरात आली आणि धापा टाकत खाटेजवळ बसली. मम्मीनं सवयीनं पेलाभर पाणी आणलं. ते पाहून पप्पा कण्हत उठले, चादरीतून पाय बाहेर काढला आणि थरथरत पेल्याकडं न्यायला लागले.

“झाका की पाय. थंडी वाजंल,” अव्वा खेकसली.

तिनं मम्मीच्या हातून पेला घेतला, घटाघटा प्यायला आणि पुन्हा पुढं केला.

“लई ऊन हाय बाई. अजून उलसं दे.”