दादाचं आवर्तन

कवळीबाईला गाता येत नाही, हे तिच्या आयुष्यात सगळ्यांत आधी ठरलेलं होतं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी तिला रांगेतून बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." पोरगी आज्ञाधारक. पुढची चाळीस वर्षं तिनं नुसते ओठच हलवले. धंदाही असा पत्करला की दुसऱ्यांची तोंडं सजवायची आणि आपलं बंद ठेवायचं. दाताच्या दवाखान्याखाली आठ पायऱ्या उतरलं की तिची लॅब. वरून डॉक्टरीणबाई जबड्यांचे ठसे पाठवायच्या, ही खाली त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, कवळी घासूनपुसून वर धाडायची. नाव तिचंही काहीतरी होतं, पण फोन उचलल्यावर तीसुद्धा "कवळीबाई बोलतेय" असंच म्हणायची.

एका सकाळी वरून निरोप आला. एक पेशंट कवळीवरून ऐकत नाहीये, जरा वर ये. खुर्चीत पांढऱ्या दाढीचे, निळी पगडी बांधलेले एक गृहस्थ बसले होते. गुरुद्वाऱ्यात पन्नास वर्षं शबद, म्हणजे गुरूंची पदं, गाणारे रागी. सगळे त्यांना बाबाजी म्हणत.

"दात झकास झालेत," बाबाजी म्हणाले, "फक्त तोंड माझं राहिलं नाही. 'स' म्हणायला जावं तर शिट्टी वाजते. गुरूंच्या शब्दात शिट्टी घालू का आता?" आणि पुरावा म्हणून त्यांनी तिथंच, छातीवरच्या प्लास्टिकच्या फडक्यासकट, एक ओळ गायली.

शिट्टी वाजली, खरं आहे. पण त्या शिट्टीच्या मागं जे होतं ते ऐकून कवळीबाईच्या अंगावर काटा आला. असा सूर एवढ्या जवळून तिनं कधी ऐकलाच नव्हता. तिनं कवळी खाली नेली, टाळूकडचा भाग कागदासारखा पातळ केला, वर आणली, परत नेली. चौथ्या खेपेला शिट्टी गेली. बाबाजींनी हात जोडले आणि विचारलं, "बेटा, तुला काय हवं?" तिच्या तोंडून निघून गेलं, "मला शिकवाल?" बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. बाबाजी मात्र हसले नाहीत. म्हणाले, "दुपारी चारला ये. पेटी आणू नकोस."

घरी थोरल्या बहिणीनं कपाळाला हात लावला. "अगं, तुझ्या आवाजापेक्षा आपल्या कुकरची शिट्टी सुरात आहे. या वयात हे काय खूळ?" ताईचं बोलणं असंच. पण दुसऱ्या दिवशी चारच्या आत कवळीबाईची ओढणी तिनंच इस्त्री करून ठेवली होती.

बाबाजींची खोली दुसऱ्या मजल्यावर. सतरंजी, एक लाकडी पेटारा, आणि भिंतीवर टांगलेला दिलरुबा. गजानं वाजवायचं वाद्य ते, लांब मानेचं. वरच्या मुख्य तारा वाजवायच्या. त्यांच्या खाली बारीक तारांची एक फळी असते, तिला कुणी हात लावत नाही. त्या तरफेच्या तारा. खोलीत त्यांचा सूर नेमका लागला की त्या आपोआप झंकारतात. जुन्या पद्धतीनं शबद-कीर्तन शिकायचं तर तारेच्या वाद्याबरोबरच, असं बाबाजींचं म्हणणं. पेटीचं नाव काढलं की ते तोंड वाकडं करायचे. "पेटीला पायऱ्या असतात. सुरांच्या मधली उतरण तिला ठाऊक नाही."

पहिले दोन महिने फक्त 'सा'. "बरोबर की चूक, मी सांगणार नाही," ते म्हणायचे. "माझे कान आता निम्मेच उरलेत. ते भिंतीवरचं सांगेल." मग ही 'सा' लावायची, आणि भिंत गप्प. रोज गप्प. एकोणसाठाव्या दिवशी दिलरुब्यातून मधमाशी गुणगुणावी तसा बारीक झंकार आला, आणि कवळीबाई रडायलाच लागली. ओठ हलवायला सांगणाऱ्या बाई आज हव्या होत्या, असं तिला वाटलं.

मग बाबाजींनी ती बंदिश काढली. त्यांच्या आजोबांकडून आलेली, कुठं लिहिलेली नाही, कुठं रेकॉर्ड केलेली नाही. दोघा भावांनाच येत होती. थोरला पाच वर्षांपूर्वी गेला. आता हे एकटे, आणि डॉक्टरांनी गळ्याच्या गाठीवर बोट ठेवून सांगितलं होतं की आवाज फार तर तीन महिने चालेल. "तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या शेजारी बसून ही गायची," ते म्हणाले. "नाहीतर माझ्याबरोबर गेली म्हणून समज."

"हा रहाउ," पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं.

"राहू? कोण राहू?" कवळीबाईनं विचारलं.

बाबाजी इतके हसले की त्यांना कवळी हातानं धरावी लागली. मग समजावलं. रहाउ म्हणजे थांबा. शबदाचं मर्म ज्या ओळीत असतं ती ओळ. अंतरे कुठंही हिंडून येवोत, परत यायचं ते इथंच. त्यांनी ती ओळ गायला घेतली. अर्धी गायली आणि गप्प झाले. मांडीवर बोटांनी सोळा मात्रा मोजल्या, आणि मग पुढचं उचललं.

"मधलं काय?"

"मधलं दादाचं आवर्तन."

"ते कसं आहे?"

"ते माझं नाही," बाबाजी म्हणाले, आणि विषय मिटवला.

कवळीबाईला ते काही पटलं नाही. वरची कवळी आहे आणि खालची नाही, त्यानं घास चावणार कसा? पण गुरूपुढं तोंड उघडायची तिची हिंमत झाली नाही. ती अर्धी ओळ गायची, सोळा मात्रा गप्प बसायची, पुढं गायची. महिनाभर हेच चाललं.

आणि एका दुपारी, त्या गप्प बसण्यात, दिलरुबा वाजला.

आपल्याच सुराची आस रेंगाळली असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. दिवसभर मेलेल्या-जिवंतांचे जबडे हाताळणाऱ्याला ते परवडतही नाही. पण तिनं सोडलेला सूर होता 'प', आणि भिंतीवरून येत होता 'ध'. दुसऱ्या दिवशी 'ध' आला आणि त्याच्यामागून 'म'. तिसऱ्या दिवशी आणखी एक. खिडकी लावून पाहिली. पंखा बंद केला. खालच्या रस्त्यावरून गाडी जाते का, तेही पाहिलं. काही नाही. बाबाजी डोळे मिटून मात्रा मोजत होते. त्यांना तो बारीक आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं.

त्या आठवड्यात सूनबाई, म्हणजे बाबाजींची सून, चहा घेऊन आली. ट्रेमध्ये तीन कप होते. तिनं एक बाबाजींपुढं ठेवला, एक कवळीबाईपुढं, आणि तिसरा हातात धरून खोलीभर बघत राहिली.

"ते गेले का?" तिनं विचारलं.

"कोण?"

"तुमच्याबरोबर गात होते ते. स्वयंपाकघरात दोन आवाज येत होते." मग तिची नजर दिलरुब्यावर गेली, आणि ती तिसरा कप तसाच घेऊन आत गेली. पुन्हा त्या वेळी ती त्या खोलीत आली नाही. चहाचा ट्रे दारातच ठेवायची.

कवळीबाईची झोप उडाली म्हणतात तशी उडाली. आणि त्यातच लॅबमधल्या फळ्या आवरायचा दिवस आला. जुने प्लास्टरचे जबडे पाच वर्षं ठेवायचे आणि मग फोडून टाकायचे, असा तिचा शिरस्ता. हातोडी घेऊन ती एकेक जबडा उचलत होती. एकाच्या तळाला तिच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: रागी, थोरले. म्हणजे दादाचं तोंडही तिच्याच हातून गेलं होतं. चेहरा आठवेना. तिनं हातोडी ठेवून दिली, जबडा समोर टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर ती ओळ गायली. सोळा मात्रा आल्या. इथं तारा नव्हत्या, काहीच वाजलं नाही. तरी ते रिकामे दात आता काहीतरी म्हणणार, असं वाटून तिला दरदरून घाम फुटला. तिनं जबडा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. फोडला मात्र नाही.

तीन आठवड्यांत दिलरुब्यानं तिला सबंध आवर्तन दिलं. थेंबाथेंबानं, पण दिलं. फक्त एका ठिकाणी ती अडली. चौदाव्या मात्रेवर येत होता 'नी'. आणि त्या रागात निषाद वर्ज्य. घ्यायचाच नाही, बाबाजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शिवाय तरफेच्या तारा रागाच्या सुरांत लावतात. जो सूर रागातच नाही, त्याची तार असेल कशाला?

बाबाजी तोंड धुवायला गेले तेव्हा ती उठली आणि नखानं एकेक तार छेडत गेली. सा, रे, ग. सगळ्या जागच्या जागी. सातवी तार 'नी' बोलली.

"बाबाजी, हे वाद्य कुणी लावलं?" ते आल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं केलं.

"दादानं. त्यानंतर कुणाचा हात लागला नाही त्याला."

पाच वर्षं ताणलेली तार उतरली नाही. कवळीबाई आयुष्यभर कवळ्यांच्या आकड्यांच्या तारा वाकवत आली होती. तिला ठाऊक होतं की असं होत नसतं.

रविवारला चार दिवस उरले. बाबाजींचा आवाज आता घोगरा झाला होता. तिनं ठरवलं, आता नाही तर कधीच नाही. ओळ आली, सोळा मात्रा आल्या, आणि ती थांबली नाही. दादाचं आवर्तन तिनं सबंध गायलं, निषादासकट.

बाबाजींचे डोळे मिटलेलेच होते. डावा हात झटक्यानं वर गेला, थांब म्हणून. "निषाद नको म्हणून किती वेळा सांगायचं, दादा," ते म्हणाले.

मग त्यांनी डोळे उघडले.

"कुणी शिकवलं तुला हे?"

तिनं भिंतीकडे बोट केलं. उठून सातवी तार छेडली. बाबाजी जवळ आले, कान अगदी वाद्याला लावला, आणि परत छेड म्हणाले. परत छेड. परत.

"मला वाटायचं तो चुकतो," अखेर ते म्हणाले. "चाळीस वर्षं त्याला टोकत आलो. शेवटच्या वेळी भर संगतीत, जमलेल्या भाविकांसमोर, हात वर करून थांबवलं. तो थांबला. पुन्हा माझ्याबरोबर बसलाच नाही, आणि सहा महिन्यांत गेला. आणि त्यानं तर तार लावून ठेवली होती." ते लहान पोरासारखे रडले. कवळीबाईलाही रडू आवरेना.

"मग तो निषाद काढू का?" तिनं विचारलं.

"रविवारी बघू," एवढंच बाबाजी म्हणाले.

आता यातून काय समजायचं? कवळीबाईनं ते चार दिवस कसे काढले, ते तिलाच माहीत. ताईनंही त्या दिवसांत कुकरचं नाव काढलं नाही.

रविवारी गुरुद्वाऱ्याची सभा भरली होती. डोकी झाकलेली माणसं ओळीनं बसलेली. बाबाजींनी दिलरुबा भिंतीवरून काढून आणला होता. वाजवायला नाही, शेजारी ठेवायला. ओळ उचलली त्यांनी, घोगऱ्या आवाजात. सोळा मात्रा आल्या आणि कवळीबाईनं तोंड उघडलं. बारा. तेरा. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं, बाबाजींचा डावा हात वर उठतोय. अगदी त्या दिवसासारखा. तिनं निषाद लावला. हात हवेत क्षणभर तसाच राहिला, आणि मग सावकाश मांडीवर उतरून मात्रा मोजू लागला. शेजारच्या दिलरुब्यातून सातवी तार झंकारली. या वेळी बाबाजींनीही ती ऐकली असावी, कारण ते तिकडे वळून पाहत होते. त्यानंतर ते वाद्य आपणहून कधी वाजलं नाही.

कीर्तन संपल्यावर एक जाणते रागी पुढं आले. भला माणूस, हेतूही चांगला. "बंदिश फार जुनी दिसते," ते म्हणाले. "पण बाई, रहाउमध्ये तो निषाद येतो, या रागात तो वर्ज्य आहे. तेवढा काढून टाका."

कवळीबाईनं बाबाजींकडे पाहिलं. त्यांनी तोंडातली कवळी जिभेनं नीट बसवली. दिवसभर गाऊन आवाज जवळजवळ गेलाच होता, तरी शब्द स्वच्छ आला, शिट्टीबिट्टी काही नाही.

"राहू दे," बाबाजी म्हणाले.