सॉनाच्या निखाऱ्यातले बटाटे

हेल्वी मात्ता आयुष्यभर आमच्या होन्काकोस्कीच्या शाळेत स्वयंपाक करायची. ताटात टाकलेलं तिला खपायचं नाही, आणि खोटं बोललेलं तर मुळीच नाही. "पोट भरलं" म्हणणाऱ्या पोराच्या बाकाखाली वाकून ती लपवलेला पावाचा तुकडा शोधून काढायची आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातावर ठेवायची. गावातली निम्मी माणसं तिच्यापुढे अशी कधी ना कधी मान खाली घालून उभी राहिलेली आहेत. मी तिची शेजारीण. गावात टपाल वाटायचे, त्यामुळे घराघरातलं मला कळायचं. पण हेल्वीचं मात्र मला तिनंच सांगितलं.

तिचा रक्तदाब कित्येक वर्षं चढलेला होता. गोळ्या घ्यायला वेळ होत नाही, असं ती म्हणायची. निवृत्त झाली आणि पाय सुजायला लागले, जेवणावरची वासना उडाली. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार टॅक्सीनं शहरात जायचं, हातात सुया टोचून घ्यायच्या, यंत्रातून रक्त धुऊन घ्यायचं आणि थकून घरी यायचं.

घरी स्वयंपाक सून करायची. नोई तिचं नाव. रानात ब्लूबेरी वेचायला थायलंडहून आली होती, ती हेल्वीच्या मुलाशी, आह्तीशी, लग्न करून इथेच राहिली. आह्ती लाकडाचे ट्रक चालवायचा आणि बहुतेक दिवस बाहेरच असायचा. आमच्याकडे सुना सासूला सरळ नावानं हाक मारतात. नोई मात्र 'आई' म्हणायची. हेल्वीला ते आधी अंगावर पाल पडल्यासारखं वाटायचं. पुढे पुढे, नोईनं नावानं हाक मारली असती तरच तिला चुकल्यासारखं झालं असतं.

दवाखान्यातून सांगितलेलं पथ्य नोईनं मनावर घेतलं होतं. बटाट्यातलं पोटॅशियम निघून जावं म्हणून बटाटे सोलून पातळ कापायची, मोठ्या पातेल्यात भिजत घालायची, पाणी फेकायची, नव्या पाण्यात उकडायची, तेही पाणी फेकायची. हेल्वी काट्यानं तो बटाटा उलटापालटा करून बघायची.

"हा बटाटा नाही गं, बटाट्याचा फोटो आहे."

"फोटो खा, आई. फोटोनं माणूस मरत नाही."

हेल्वी हसायची आणि खायची. निदान आम्हाला तसं वाटायचं.

खरं म्हणजे तिच्या सॉनात वेगळंच चाललं होतं. वाफेच्या अंघोळीची ती लहानशी झोपडी तळ्याकाठी, घरापासून जराशी लांब. शनिवारी-रविवारी चूल पेटवायला ती एकटीच जायची. "तेवढं तरी मला करू द्या," म्हणायची. निखारे झाले की एप्रनच्या खिशातून बटाटे काढून राखेत पुरायची. करपलेल्या सालीसकट, लोणी लावून, मीठ टाकून, बाकावर बसून खायची. शाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना वाढून झाल्यावर ती भट्टीपाशी बसून असाच एक खायची, तीच चव, असं मला नंतर म्हणाली. आधी एक खायची, मग दोन. काहीच झालं नाही, म्हणून धीर वाढला.

त्या वर्षी युहान्नुसच्या, ऐन उन्हाळ्यातल्या सणाला नवे बटाटे लवकर आले. बोटाएवढे, पातळ सालीचे. सणाचे दोन्ही दिवस हेल्वी सॉनात जरा जास्तच रेंगाळली.

सोमवारी सकाळी टॅक्सी दारात आली, तर ती बाकावरून उठेना. "पाय माझे नाहीतच," म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. नोईनं मला हाक मारली. मी मनगट धरून बघितलं, तर एक ठोका लागल्यावर दुसऱ्याची वाट बघत बसावं लागत होतं. अँब्युलन्स बोलावली. आह्ती त्या दिवशी घरी होता. आम्ही तिघं मागोमाग गेलो.

हृदयाचा आलेख बघताच डॉक्टर धावपळीला लागले. शिरेतून औषधं दिली, लगेच डायलिसिसला लावलं. दुपारपर्यंत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मग एक तरुण डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.

"चांगलं मूत्रपिंड जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. तुमचं टाकत नाही. ते रक्तात साचतं, आणि हृदय ज्या विजेवर चालतं तिचाच घोळ होतो. ठोके मंदावतात, अडखळतात, आणि एखाद्या वेळी पुढचा ठोका येतच नाही. शुक्रवार ते सोमवार यंत्र नसतं, म्हणून तुमच्यासाठी तेच दिवस सगळ्यात वाईट. काय खाल्लंत या दोन दिवसांत?"

हेल्वीनं छताकडे बघितलं.

"सून देते तेच."

आह्तीनं मान वळवून बायकोकडे बघितलं. त्याचं ते बघणंच पुरेसं होतं. नोईचे हात मांडीवर होते, ते तिनं बाहीत ओढून घेतले.

हेल्वी घरी आली ती पंचायतीकडून येणारे जेवणाचे डबे सुरू करून. दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर बायका बोलायला लागल्या. "नोईच्या त्या बाटल्यांत कसला सॉस असतो कोण जाणे!" "अगं, तिला म्हातारीचं घर मिळायचंय ना!" चर्चमधल्या भोजनाला नोई मदत करायची, तिला सांगण्यात आलं की सध्या गरज नाही. हे सगळं हेल्वीच्या कानावर यायचं. ती डब्यातलं गिळायची आणि गप्प राहायची.

एका सकाळी नोई बटाटे आणि पातेलं घेऊन तिच्यासमोर येऊन बसली.

"आई, मी करते, तुम्ही बघा. कुठं चुकतं ते सांगा. पाणी कमी पडतं का? जाड कापते का?"

तिनं एक एक चकती कापली, उजेडाकडे धरून दाखवली. तिचे डोळे सुजलेले होते. "तुम्ही तीस वर्षं पोरांना जेवू घातलंत. तुम्हाला दिसेल."

"ठीक आहे ते," एवढंच हेल्वीच्या तोंडून निघालं. नोई पातेलं उचलून गेली. त्यानंतर तिनं सासूला 'हेल्वी' म्हणायला सुरुवात केली.

"मला शाळेतल्या त्या बाकाखाली घुसावंसं वाटलं," हेल्वी मला म्हणाली, "पण या वयात वाकता कुठं येतंय!" हे सांगताना ती हसली नाही. त्याच दिवशी तिनं मला सगळं सांगितलं आणि म्हणाली, "दुकानात ने मला."

टेबलावर नेहमीच्या बायका होत्या. हेल्वी बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"बटाटे मी खाल्ले. सॉनात, चोरून. नोईनं दिलेलं तेवढंच खाल्लं असतं तर काही झालं नसतं. डॉक्टरांपुढे मी तिच्यावर ढकललं. तुम्ही जे बोलताय ते माझ्याबद्दल बोला."

त्यांतली एक जण म्हणाली, "मला तू पावाच्या तुकड्यासाठी अख्ख्या शाळेसमोर उभं केलं होतंस, हेल्वी."

"हो," हेल्वी म्हणाली. "आठवतंय मला."

नोईपुढे बोलणं त्याहून जड गेलं. स्वयंपाकघरात आह्तीही होता. नोईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला वाटत होतं, मीच तुम्हाला मारत होते," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून मला तसं वाटू दिलंत." मग नवऱ्याकडे वळली. "आणि तू एकदा तरी विचारायचं होतंस."

आह्तीचे कान लाल झाले. तो लाकडं आणायचं निमित्त करून बाहेर गेला आणि कितीतरी वेळ आलाच नाही.

पानगळ सुरू झाल्यावर ती दोघं तळ्यापलीकडच्या भाड्याच्या घरात राहायला गेली. हेल्वीनं अडवलं नाही. डबे बंद करून ती स्वतः उभी राहून बटाटे कापायला, भिजवायला, पाणी फेकायला लागली. हृदयाचा ताल पुरता सुधारला नाही. मधूनच धडधडायचं, मग ती ओट्याला धरून थांबायची. नोई रविवारी यायची. बोलायची कमी, पण आल्या आल्या पातेल्याचं झाकण उचलून बघायची, आणि हेल्वी बाजूला सरून तिला बघू द्यायची.

डायलिसिसच्या खोलीत कोणी नवं आलं की परिचारिका त्याला मुद्दाम हेल्वीशेजारी बसवायच्या. एकदा एक आडदांड मच्छीमार आला. त्याला केळी बंद केली होती. म्हणाला, एका केळ्यानं कोण मरतंय! मी त्या दिवशी सोबतीला होते. हेल्वीनं त्याला निखाऱ्यांचं, सणाचं, पाय गेल्याचं, ठोके थांबत आल्याचं सगळं सांगितलं, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून.

"मग डॉक्टरांना काय सांगितलंत?" त्यानं विचारलं.

हेल्वीनं तोंड खिडकीकडे वळवलं. सुया टोचलेला हात तसाच पसरलेला होता. खिडकीबाहेरच बघत, हळू आवाजात, तिनं तेही सांगितलं.