शेक म्हणजे शेक

आमच्या कडाव गावाहून सायकल हाणत आलेला माणूस खोपोलीच्या वीजघराच्या फाटकाशी थांबला आणि म्हणाला, "नामा गेला." मी विचारलं, "कुठं?" ...तो माझ्याकडे बघतच राहिला. साधा शब्दसुद्धा मला वेळेवर कळत नाही, आणि त्याची झळ नामाइतकी कुणाला लागली नसेल. विषमज्वराने आठवड्यात त्याला नेलं. त्याला आता महिना होऊन गेला.

नामा माझा शाळेपासूनचा दोस्त. भातशेती करणारा, अंगाने काटक. पण गावच्या उत्सवातल्या नाटकात दर वर्षी नायिका तोच. लुगडं नेसून तो पुढे आला की बघायला बसलेल्या बायका नकळत आपला पदर सारखा करत. एका वर्षी ऐन रडण्याच्या प्रसंगात त्याचं कानाला चापाने अडकवलेलं कुडं गळून पडलं आणि लोक हसले. दुसऱ्याच दिवशी हा गडी सोनाराकडे जाऊन दोन्ही कान टोचून आला. उजवा बरा झाला. डाव्या पाळीवर मात्र व्रण वाढतच गेला, आधी करवंदाएवढा, मग सुपारीएवढा, चकचकीत आणि सारखा खाजणारा. जवळच्या एका डॉक्टरने तो कापला, तर दुप्पट होऊन परत आला. नाटकमंडळी तोंडावर काही बोलली नाहीत. "यंदा पदर डोक्यावरून घे, पुढच्या वर्षाचं बघू," एवढंच म्हणाली. नामाला ते पुरेसं कळलं.

इंग्रजी चार यत्ता शिकलेला आणि वीजघरात कारकुनी करणारा असा गोतावळ्यात मी एकटाच. म्हणून मुंबईच्या इस्पितळात त्याला घेऊन मी गेलो. गाठ काढून झाल्यावर डॉक्टर माझ्याकडे बघून बोलले, कारण कोट मी घातला होता. "नुसतं कापून ही जात नाही. मागोमाग शेक द्यावा लागतो. उद्यापासून चार वेळा. उशीर केलात तर परत येईल." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्यातून इंग्रजी. मला एक शब्द लागला नाही. मी ती गंभीरपणे वरपासून खालपर्यंत वाचली, मान डोलावली आणि घडी घालून खिशात ठेवली.

बाहेर आल्यावर नामा म्हणाला, "चिट्टीत काय हाय रं?"

"शेक घ्यायचाय."

"मंग कुठं घ्यायचा ते इचार की जाऊन."

"त्यात विचारायचं काय? शेक म्हणजे शेक. तुझ्या घरी चूल नाय का?"

"आरं, पन येवढा मोटा डाक्टर चुलीचा शेक सांगंल व्हय?"

"मोठा आहे म्हणूनच साधं औषध सांगतो!"

हे वाक्य सुचल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवसापासून चार दिवस रजा काढून मी स्वतः तव्यावर मीठ तापवलं, पुरचुंडी बांधली आणि त्याच्या ताज्या टाक्यांवर धरली. नामाच्या डोळ्यांतून पाणी यायचं. "नायिकेसारखा रडू नको," मी म्हणायचो, आणि त्याची बायको सगुणा पदर तोंडाला लावून हसायची.

चार-पाच महिन्यांत गाठ परत आली, ती आवळ्याएवढी. नायिकेचं काम दुसऱ्याकडे गेलं. नामा विंगेत वही घेऊन बसू लागला. पण वाक्यं सुचवताना तो अशा आवाजात सुचवायचा, की पुढच्या रांगेतली माणसं नायिकेकडे बघायची सोडून कनातीकडे कान लावायची... पुढे नाटकमंडळींनी त्याला हळू बोलायला सांगितलं.

दोन वर्षांनी वीजघरातल्या एका सोबत्याने आपल्या आईच्या आजारपणाचं सांगताना सहज म्हटलं, "इस्पितळातला शेक यंत्राचा असतो, क्ष-किरणांचा." दिवसभर वीज तयार होते तिथे बसून मला शेक म्हटल्यावर मीठ आठवलं होतं! माझ्या फजित्या मीच तालुकाभर सांगत फिरतो. कर्जतला एका लग्नात नवरदेव समजून बँडवाल्याला मिठी मारली, तेही सांगतो. ही मात्र गिळून बसलो. नामाला तर मुळीच सांगितली नाही.

तेराव्यानंतर मी सगुणेकडे गेलो आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"त्यांना ठाव व्हतं, भावजी. गाठ आल्यावर एकलेच गेलते मुंबैच्या डाक्टरकडं. डाक्टरांनी मशीन दावलं. म्हनले, परत कापू आनि लगेच शेक देऊ. पन ह्यांचा जीवच इटला व्हता. पुन्हा न्हाई गेले."

"मग मला एका शब्दाने बोलला का नाही?"

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनले, त्याला सांगितलं तर तो गावभर हसून सांगत सुटंल. माजा कान त्याच्या गमतीत नको."

मग आठवलं... चार माणसांत मी फजिती सांगायला बसलो की नामा विडी काढून बाहेर पडायचा, आणि मला वाटायचं, याला तलफ फार. अजूनही सांगता सांगता माझी नजर दाराकडे जाते. कुणी उठत नाही. सगळे बसून हसतात.