सहा विसा पावलांचं मैदान

फुटबॉलचं इतकं नुकसान इतक्या मायेनं करणारा दुसरा माणूस आमच्या अख्ख्या जिल्ह्यात सापडणार नाही. हे गृहस्थ म्हणजे आमच्या क्लबाचे मामा. कुणाचे मामा, ते विचारू नका. क्लबात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचे ते मामाच, आणि आमचे अध्यक्ष त्यांच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे असूनही त्यांना मामाच म्हणतात. मामांनी आयुष्यात एकदाही चेंडूला पाय लावलेला नाही. मॅच चालू असताना चेंडू घरंगळत त्यांच्याकडे आलाच, तर ते अदबीनं बाजूला सरून त्याला वाट करून देतात आणि तो चेंडू पार रस्त्यापलीकडच्या गॅरेजात जातो. तरीही हा क्लब गेली अडतीस वर्षं कुणामुळं उभा आहे असं विचारलं, तर मला त्यांचंच नाव घ्यावं लागेल, आणि तो कुणामुळं बुडाला असं विचारलं तरीही.

क्लब म्हणजे काय, तेही सांगून टाकतो, म्हणजे उगाच गैरसमज नको. पुंडलिकनगरच्या मागच्या अंगाला एक खडकाळ मैदान, दोन गोलपोस्ट, एक फाटकं जाळं आणि दर रविवारी हरायला जमणारी पंधरा-सोळा माणसं. रविवारी नळाला पाणी यायची पाळी असली की तीही निम्मी होतात, कारण आठवड्याचं पाणी भरून घेण्यापुढं कुठल्याही सेंटर फॉरवर्डचं घरात काही चालत नाही. मी या क्लबाचा सेक्रेटरी आहे आणि त्याच्याबद्दल आशा बाळगणं मी केव्हाच सोडून दिलं आहे.

मामा मूळचे करमाडचे, मेंढपाळाच्या घरातले. आम्ही पोरं होतो तेव्हा शहर इथवर पोचलेलं नव्हतं आणि या माळावर मामांची मेंढरं चरायची. आम्ही चेंडू घेऊन आलो की ते न बोलता मेंढरं एका बाजूला घ्यायचे आणि काठीवर हनुवटी टेकून खेळ बघत उभे राहायचे. पुढं माळावर घरं उठली, मेंढरं विकली गेली, मामांची मुलं शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला लागली. मामा मात्र दर रविवारी काळीपिवळीत बसून येतच राहिले. मेंढरं नव्हती, आम्ही होतो. आम्हाला त्यांनी कधीही नावानं ओळखलं नाही. मेंढरं जशी अंगावरच्या खुणेवरून ओळखायची, तसेच आम्ही त्यांच्या लेखी ठिपक्या, डावखुरा, मुतखड्या असे होतो. मी बारा वर्षांचा असताना गोलमध्ये उभा होतो आणि अकरा गोल खाऊन खांबाला टेकून रडलो होतो. मामा जवळ आले, माझ्याकडं बराच वेळ बघून म्हणाले, "गोलच गेला ना? मेंढी तर नाय गेली." त्या दिवसापासून मी रडका. आज मी पन्नाशी गाठली, पोराच्या लग्नाचं बघतोय, पण पाहुण्यांसमोर मामा हाक मारतात ती "ए रडक्या" अशीच.

मामांचं खरं काम म्हणजे मैदानावर चुना मारणं. या कामात ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. रविवारी उजाडता उजाडता ते चुन्याची बादली आणि तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला तेलाचा डबा घेऊन कोपऱ्यावर उभे राहायचे. मग मैदानाला हात जोडायचे, चपला काढायचे आणि पावलं मोजत चालू लागायचे. टेप, दोरी असल्या वस्तूंवर त्यांचा विश्वास नव्हता. "दोरी ताणली का वाढती, पाऊल वाढत नाय," असं त्यांचं म्हणणं. मोजणी विसांची. वीस पावलं झाली की एक खडा खिशात. लांबीला सहा खडे, रुंदीला चार. मध्ये कुणी बोललं तर मोजणी मोडली असं समजून ते चुना पायानं पुसत कोपऱ्यापर्यंत परत यायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. एकदा आमच्या अध्यक्षांनी, माणूस चांगला म्हणून, पाचव्या विसाच्या शेवटाला त्यांना "काय मामा, बरं आहे ना?" असं विचारलं आणि ती मॅच दीड तास उशिरा सुरू झाली. तेव्हापासून मामांच्या हातात डबा दिसला की मैदानावरची माणसं खुणेनं बोलतात. बाहेरगावचा संघ आला की त्याला आधी हा नियम समजावून सांगावा लागतो, ऑफसाइडचा नंतर.

आता मुख्य दुःखाकडं येतो. गेली आठ-दहा वर्षं आमच्या संघात एक चमत्कार घडत होता. आमची माणसं चाळिशी ओलांडत होती, पोटं सुटत होती, एकाला साखर, दुसऱ्याला गुडघा, तरी दम मात्र वाढत चालला होता. पूर्वी या गोलपासून त्या गोलपर्यंत धावताना तोंडाला फेस यायचा. आता सहज जमायचं. आमचा सेंटर फॉरवर्ड रस्त्यापलीकडचा गॅरेजवाला भाई. तो तर म्हणायचा, "अपने को अब दौड़नाच नै पड़ता, सेक्रेटरी साब. एक लात मारी के गोल सामने." मी मंडळाच्या सभेत याचं श्रेय नियमित सरावाला दिलं होतं, तसं इतिवृत्तात लिहिलंही आहे. बाहेरच्या मैदानावर गेलो की मात्र पंधराव्या मिनिटाला आमची माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि आम्ही सात-आठ गोलांनी हरून यायचो. त्याचं कारण आम्ही प्रवास हे काढलं होतं.

खरं कारण एका स्पर्धेच्या संयोजकांनी शोधून काढलं. त्यांना दोन मॅच आमच्या मैदानावर घ्यायच्या होत्या. असं भाग्य क्लबाला पहिल्यांदाच लाभत होतं. त्यांचा माणूस टेप घेऊन आला, मोजलं, पुन्हा मोजलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, हे मैदान लहान पोरांचं आहे का?" मैदान लांबीला चांगलं वीस-बावीस मीटर कमी होतं. मी आधी शेजारच्या बंगल्याच्या कुंपणाकडं संशयानं पाहिलं. कुंपण जागच्या जागी होतं. गोलपोस्ट मामा दर दिवाळीला रंगवायला उपटायचे आणि पुन्हा आपल्या रेषेवर रोवायचे, हे मला आठवलं. आणि मग एकदम उजेड पडला. मामा सहा विसाच मोजत होते, एकही कमी नाही. पण ज्या पायांनी मोजत होते ते पाय म्हातारे झाले होते. गुडघा वाकेना, पाऊल लांब पडेना, आणि दरवर्षी चार-पाच हात मैदान त्यांच्या मागं येत गेलं. इतक्या माणसांच्या डोळ्यांदेखत एक अख्खं मैदान म्हातारं झालं आणि आमच्यापैकी कुणाला ते कळलं नाही, कारण आम्हीही त्याच्याबरोबर होत होतो.

संयोजकांनी पंधरा दिवसांची मुदत दिली. मंडळाची सभा बसली. मामांना "आता चुना मारू नका" असं सांगायचं कसं, यावर दोनदा चहा झाला. शेवटी अध्यक्षांनी आपल्याकडं अशा वेळी जो मार्ग काढतात तोच काढला. क्लबाची इतकी वर्षं सेवा केलेल्या खेळाडूंचा आणि कार्यकर्त्यांचा सत्कार करायचा, त्यात मामांना शाल-श्रीफळ द्यायचं आणि त्याच हातानं बादली काढून घ्यायची. मामांना जाऊन सांगण्याचं काम सेक्रेटरीचं, म्हणजे माझं.

मी करमाडला गेलो. मामा ओट्यावर बसून शेळीला पाला घालत होते. मी सत्काराचं सांगितलं, मानपत्राचं सांगितलं, प्रमुख पाहुणे कोण तेही सांगितलं. रेषेचं तेवढं सांगितलं नाही. मामा पाला घालत राहिले. मग म्हणाले, "आमच्यात बोकडाला हार घालतेत, तव्हा त्याला पुढचं काय ठाऊक नसतंय. मला हाय."

मीही एक डहाळी उचलून शेळीपुढं धरली. मग त्यांनीच विचारलं, "टेपवाला येऊन गेला म्हणं. किती कमी भरलं?"

"वीस-बावीस मीटर."

"आसं कसं व्हईल? सहा विसा टाकतो मी. एक पाऊल खाल्लं नाय आजवर."

"नाही मामा, पावलं बरोबर आहेत."

"मंग?"

तुमचे पाय म्हातारे झाले, असं त्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? मी टेपमध्येच काहीतरी गडबड असेल असं पुटपुटलो. त्यावर मामांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की बारा वर्षांचा असताना खांबाला टेकलो होतो तसं कशाला तरी टेकावंसं वाटलं. निघताना एवढंच म्हणाले, "येतो म्हणावं. चुना भिजवून ठेव."

सत्काराच्या दिवशी मैदानाच्या कडेला मांडव घातला होता. आम्ही सत्कारमूर्ती ओळीनं बसलो होतो. मी, साखरवाला हाफबॅक, मुतखडा पडून गेला तरी मुतखड्याच राहिलेला विंगर, आणि गॅरेजमधून तसाच आलेला भाई, ज्याच्या ग्रीस लागलेल्या शर्टावर शाल घालताना पाहुण्यांनी फक्त दोन बोटं वापरली. पाहुणे क्रिकेटवर चांगलं बोलले. मग अध्यक्षांनी माइकवर मामांना बोलावलं. मामा मांडवात नव्हते. सगळ्यांनी माना वळवल्या, तर लांब कोपऱ्यावर मामा चपला काढत होते. हातात डबा होता.

अध्यक्षांनी घाईघाईनं माइक बंद केला. पाहुणे "हे काय?" असं विचारायला तोंड उघडणार, तोच आम्हा पाच-सहा जणांची बोटं एकदम ओठांवर गेली. मामा चालू लागले. गुडघ्यापासून पाय ओढत, इंचाइंचानं. पहिला खडा खिशात गेला. दुसरा गेला. मांडवात दोनशे माणूस होतं, त्यात बायकापोरं होती, चहाची किटली होती, पण भांड्याचासुद्धा आवाज झाला नाही. पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायला हात उचलला, तर भाईनं धावत जाऊन तो धरला. चारही बाजू पुऱ्या व्हायला पाऊण तास लागला. पाहुणे मध्येच घड्याळ बघत निघून गेले, आणि जाताना तेही चवड्यांवर चालत गेले.

शेवटी मामा मांडवात आले. त्यांनी बादली आणि डबा अध्यक्षांच्या पायाशी ठेवला, शाल घेतली आणि घडी घालून काखेत मारली. बोला म्हटल्यावर माइककडं न जाताच म्हणाले, "सहा विसा भरल्यात. मोजून घ्या." मग माझ्याकडं वळले. "रडक्या, नारळ तुला. मला दात नाहीत." आणि काळीपिवळी गाठायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी टेप लावून बाहेरून नवी रेषा मारली, गोलपोस्ट उपटून मागं नेले. मामांची रेषा पुसायची राहिली. म्हणजे पुसायला कुणी पुढं झालं नाही. स्पर्धेची पहिली मॅच आम्ही आता मापात आलेल्या आमच्याच मैदानावर नऊ-शून्य हरलो. आमचं दुर्दैव एवढ्यावर थांबत नाही. चेंडू मामांच्या आतल्या रेषेच्या पलीकडं गेला की आमची जुनी माणसं सवयीनं हात वर करून उभी राहायची, आणि समोरचे मजेत जाऊन गोल करायचे. संयोजकांनी पुढच्या वेळी दुसरं मैदान बघितलं. म्हणजे ज्यासाठी हे सगळं केलं तेही हातचं गेलं, आणि मामाही गेले. त्या दिवसानंतर ते करमाडहून एकदाही आलेले नाहीत.

पोरांच्या पायांखाली ती आतली रेषा हळूहळू विरत चालली होती. गेल्या रविवारी नळाला पाणी यायचं होतं, मैदानावर कुणी येणार नव्हतं. मी सकाळीच बादली घेऊन गेलो. मामांच्या कोपऱ्यावर चपला काढल्या. लाज वाटली, पण हातही जोडले. मग वीस पावलांना एक खडा खिशात टाकत चालू लागलो. पाऊल नेहमीसारखंच टाकत होतो, मुद्दाम लहान नव्हे. सहावा खडा खिशात टाकून खाली पाहिलं, तर टेपची रेषा अजून बरीच लांब होती आणि माझ्या पायाची बोटं मामांच्या विरलेल्या चुन्यावर टेकली होती.

मी तिथूनच मामांना फोन लावला. म्हटलं, "मामा, मी मोजलं. सहा विसाच भरतात. तुमचं बरोबर होतं."

पलीकडं शेळी ओरडल्याचा आवाज आला. मग मामांनी विचारलं, "मधी कुणी बोललं नाय ना?"

"नाही, मामा."

"मंग बराबर हाय," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी खिशातले खडे चाचपत तिथंच उभा राहिलो. बोलायला मैदानावर कुणी नव्हतंच.