देवीची उजवी

पोशीरच्या हिरूच्या घरात जिंकलेल्या वस्तू दिसत, हरलेल्या दिसत नसत. फळीवर मिक्सर होता, भिंतीवर मोराचं घड्याळ होतं. कोणी घरी आलं की हिरू मिक्सरकडे बोट दाखवून म्हणे, "ह्यो आकड्याचा." मिक्सरशेजारी फळीवर दोन गोल डाग होते. बायकोने, सुंदराने, लग्नात माहेरून, कोंडाण्याहून आणलेले तांब्याचे हंडे तिथे असायचे. त्या डागांकडे कोणी बोट दाखवत नसे.

हिरू माथेरानच्या एका हॉटेलात खोल्या आवरायचा. कामाला चोख होता. चादर अशी ताणायचा की पाहुण्याला बसायला संकोच वाटावा. दारू पीत नसे, बायकोवर हात उगारत नसे. नळावरच्या बायका म्हणत, "सुंदरे, तुझा नवरा देवमाणूस गं."

"देव बरा," सुंदरा कळशी उचलत म्हणे. "त्याला दाखवलेला नैवेद्य तरी आपल्याच ताटात परत येतो."

हिरूला सगळीकडे आकडे दिसत. घोडेवाल्याच्या बिल्ल्यावर, टेंपोच्या पाठीवर, खोलीच्या दारावर. ज्या खोलीतला पाहुणा जाताना बक्षिसी देई, त्या खोलीचा आकडा नेरळला उतरल्यावर तो मटक्याला लावी. आठ लावला आणि सात आला, तर दुसरा माणूस हरलो म्हणाला असता. हिरू म्हणे, "एकानं हुकला. जवळ आलोय." इतकी वर्षं तो जवळच होता.

हंडे गेले तेव्हा सुंदरा रडली नाही. तिने त्याला आंघोळ करायला लावली आणि गावदेवीच्या देवळात नेलं. गुरव येसाजी तेव्हा समई पुसत होता. त्याच्या समोर हिरूने देवीवर हात ठेवून आकडा सोडल्याची शपथ घेतली.

आणि शपथ त्याने पाळली. हे सांगायलाच हवं, कारण पुढे लोक म्हणू लागले की तो पहिल्यापासून खोटाच होता. तो खोटा नव्हता. नेरळला उतरला की तो मान खाली घालून आकडा घेणाऱ्या पानटपरीवरून पुढे निघून जाई. घरी येऊन चांदीला नदीवर नेई आणि नारळाच्या शेंडीने घासून काढी.

चांदी म्हणजे म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून चांदी. ती शेजारच्या धोंडूबाईच्या म्हशीची पारडी. धोंडूबाई एकटी, गुडघ्यांनी थकलेली. तिने पारडी सुंदराला वाट्याने पाळायला दिली होती. अशा पाळणीचा बोल कागदावर नसतो, पण गावात तो मोडत नाही. सुंदराने वाढवायचं, चांदी पहिल्यांदा व्याली की तिचं पिल्लू धोंडूबाईचं आणि म्हैस सुंदराची.

आता चांदी गाभण होती. सुंदरा एका फार्महाऊसवर भांडी घासायची. तिला ते सोडून त्याच फार्महाऊसच्या फाटकावर दूध घेऊन उभं राहायचं होतं. "मागच्या दारानं नाय जाणार मग," ती म्हणे. धोंडूबाई रोज संध्याकाळी येऊन चांदीच्या पोटावर हात फिरवी.

"पारडीच होणार बघ. मी तिला रुपी म्हणणार."

"आणि रेडा झाला तर गं काकी?"

"मग तो हिऱ्याच्या नावानं," धोंडूबाई म्हणे. हिरूही हसे. ते दिवस बरे होते.

मग गणपतीनंतरच्या गर्दीत सात नंबरच्या खोलीतलं एक म्हातारं जोडपं जाताना हिरूच्या हातात चांगली बक्षिसी ठेवून गेलं. उतारावर त्याला सात नंबरचा घोडा भेटला. टॅक्सीच्या पाटीच्या शेवटी सात. माणूस तहानलेला असला की पाण्याचा आवाज येतो, तसं ते होतं. पण हिरूला वाटलं, कोणीतरी आपल्याला हाका मारतंय.

शपथ मोडायची त्याची छाती नव्हती. म्हणून तो देवीकडेच गेला.

आमच्याकडे कौल लावतात तो असा. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. उजवी म्हणजे देवीची उजवी. बघणाऱ्याची नव्हे. हे पोशीरचं शेंबडं पोरही जाणतं.

"एका दिवसापुरतं मोकळं कर, एवढं इचार," हिरू म्हणाला.

येसाजीने पाकळ्या लावल्या. डावी पडली.

"झालं. जा घरी."

"पाकळी लय ओली व्हती, काका. पुन्यांदा लावा."

येसाजीने पुन्हा लावल्या. पुन्हा डावी.

"आता एकदा," हिरू म्हणाला.

"अरं, देवी हाय का तुझा मटकेवाला? एकदा नाय म्हंटली का नाय."

"दोन डावे झाले ना? मग आता उजवाच येनार. कायम डावा कसा येल?"

येसाजी ताम्हण घेऊन बाहेर निघून गेला. हिरूने स्वतः पाकळ्या लावल्या. डावी जरा जोर देऊन दाबली की काय, हे त्यालाही सांगता आलं नसतं. उजवी पडली.

तो बक्षिसी तेवढी खेळला, आणि सात आला.

माझ्या मते हिरूच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट ती. तो हरला असता तर कान धरून देवळात गेला असता. तो जिंकला. पेढे आणि चांदीच्या गळ्यात बांधायला घुंगुरमाळ घेऊन घरी आला. सुंदराने माळेकडे पाहिलं, पेढ्यांचा पुडा उघडलाही नाही.

"कुठून आनली?"

"देवीनं दिली."

"देवी नेरळच्या बाजारात बसते व्हय?"

"तू नाय म्हणशील म्हनून तिलाच इचारलं. तिनं हो म्हंटलं." हिरूच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. सुंदराला त्याचीच भीती वाटली. लबाड माणसाला निदान माहीत असतं की आपण लबाडी करतोय.

पंधरवडा गेला. सुंदराच्या भावाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. चांदीला आता अवघडल्यासारखं होत होतं. सुंदराचा पाय निघेना.

"जा गं," हिरू म्हणाला. "मी सुट्टी काढतो. हात लावून सांगतो, तिला येळंवर पेंड घालीन."

"नुसती पेंड नाय. पानी कोमट."

"कोमट. जा."

तिला हे सगळं खरं वाटलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. हिरूने पेंड घातली, पाणी कोमट केलं. दुसऱ्या सकाळी गोठा झाडताना शेणाच्या पाटीजवळ त्याला कॅलेंडरचं फाटलेलं पान दिसलं. त्यावर तीन हा आकडा तेवढा कोरडा राहिला होता. एवढंच. तो खराटा टाकून देवळाकडे गेला. येसाजी आला नव्हता. त्याने पाकळ्या लावल्या, आणि या वेळी पहिल्याच झटक्यात पडली. उजवी! त्याच दुपारी गुरांचा एक व्यापारी टेंपो घेऊन आला. गाभण म्हशीला गिऱ्हाईक लगेच मिळतं. हिरूचा हिशोब असा होता: संध्याकाळी तीन येणार, सकाळी चांदी परत आणायची, वर तिच्या जोडीला आणखी एक. सुंदराला दारात दोन म्हशी दिसतील. टेंपोत चढताना चांदी अडली, तेव्हा त्याने तिच्या कानाशी सांगितलंसुद्धा, "एक रात गं. सकाळी आलोच."

आला चार.

सुंदरा कोंडाण्याहून परतली ती साखरपुड्याचे लाडू घेऊन. गोठ्यात खुंटा होता. पाण्याची बादली भरलेली होती. हिरू खुंट्याशी उकिडवा बसला होता आणि मांडीवर घुंगुरमाळ होती.

"व्याली काय?" तिने विचारलं. तिला आधी तेच सुचलं. "कुठं नेलीय? डॉक्टरकडं?"

हिरूने सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. व्यापारी कुठला होता ते मात्र त्याला सांगता आलं नाही. त्याने विचारलंच नव्हतं. सकाळी परत आणायचीच होती, तर पत्ता कोण विचारतं?

कुंपणाशी धोंडूबाई येऊन उभी राहिली होती. तिनेही ऐकलं.

"हिऱ्या, मला तरी इचारायचं रं," ती म्हणाली. "पिल्लू माझं व्हतं ना."

"काकी, एकानं हुकला. आनि मला कळलंय का हुकला." हिरू उठून उभा राहिला. त्याच्या आवाजात उमेद होती. "मी माझी उजवी धरली. देवी आपल्याकडं तोंड करून हाय. तिची ती डावी व्हती. तिनं नायच सांगितलं व्हतं, घाईत मीच चुकीचं बघितलं."

सुंदरा त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"म्हंजे देवी नाय म्हंटली, हे कळलं तुमाला?"

"हां."

"मग?"

"मग पुढल्या बारीला नीट बघीन."

सुंदराने लाडवांचा डबा खुंट्याजवळ ठेवला. घरात गेली, दोन लुगडी, फणी आणि तवा घेऊन आली. मिक्सरला हात लावला नाही.

"अगं, कुठं निघालीस?" हिरूने विचारलं. "कोंडान्याला?"

"कोंडान्याला कशाला? मी काय गुन्हा केलाय का माहेरी जायला?" ती कुंपणाच्या फटीतून धोंडूबाईच्या अंगणात गेली. "काकी, तुझं पिल्लू मला देता येत नाय. मी ऱ्हाते. तुझं पानी भरीन, शेन काढीन, गुडघे चोळीन."

"अगं, पिल्लाच्या बदली काम पोरी तू करनार?"

"बोल मी दिला व्हता. त्यांनी नव्हता दिला."

धोंडूबाई रडायला लागली. सुंदराने तिला खाली बसवलं आणि चूल पेटवायला घेतली.

त्याला आता वर्ष झालं. सुंदरा अजून फार्महाऊसच्या मागच्या दाराने भांडी घासायला जाते. दोन घरांमध्ये एक कुंपण आहे, आणि तेही मोडकं. कालवण उरलं तर ती वाटी कुंपणावर ठेवते. हिरू वाटी धुऊन परत ठेवतो. भांडण नाही, बोलणंही नाही. आकडा बंद आहे म्हणतात. खरं असेल. कोणी विचारायला जात नाही.

दर मंगळवारी तो देवळात येतो. आंघोळ केलेली, सदरा धुतलेला. सुंदरा घरी येईल का, एवढंच विचारतो. येसाजी सुरुवातीला नाही म्हणायचा, आता त्याला दया येते. तो पाकळ्या लावतो. हिरू खांबाला टेकून, मान वाकडी करून, देवीची उजवी कुठली ते आधी बोटाने पक्कं करून घेतो.

परवाही पाकळी पडली.

"डावी, हिऱ्या," येसाजी म्हणाला. "जा बाबा घरी."

हिरूने खाली वाकून पाकळी उचलली, नीट पाहिली.

"गेल्या मंगळवारी पन डावी व्हती ना काका?" तो म्हणाला. "म्हंजे आता जवळ आलंय."