वहिनींनी जपलेली फांदी

माझ्या गच्चीवर एकोणतीस गुलाब आहेत आणि त्यांतला एक चोरीचा आहे. चोरी मी केली, ठरवून केली, आणि करताना मला जेवढा आनंद झाला तेवढा कित्येक वर्षांत कशानेच झाला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा ठेवायला नको.

आचोळ्याला आमचा वरच्या मजल्यावरचा फ्लॅट आहे आणि त्याला लागून गच्ची. नवरा सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथून तो निळे ड्रम आणतो, ते अर्धे कापून मी कुंड्या करते. बोअरचं पाणी खारं, ते घातलं की पानांच्या कडा करपतात. म्हणून नळाला पाणी येतं त्या दिवशी मी घरातल्या माणसांच्या आधी गुलाबांच्या बादल्या भरते. ग्लॅडिएटर जातीचा एक आहे, तो कशालाही कुरकुर करत नाही. एक पिवळा आहे, उमलल्यावर दोन दिवसांत सगळं अंगावरून झाडून टाकतो. गुलकंदाचा गावठी गुलाबी आहे, बटण गुलाबाच्या तीन तऱ्हा आहेत, आणि एक काळपट मरून रंगाचा आहे, ज्याच्यासारखे नखरे मी नवऱ्याचेही सहन केले नसते.

हे वेड आबांचं, माझ्या वडिलांचं. पापडीजवळच्या गावात आमची वाडी होती. केळी, मोगरा, आणि विहिरीच्या कडेने आबांचे गुलाब. दुपारी सगळं गाव झोपलं की ते डोळे भरायला बसत. म्हणजे रानगुलाबाची काडी आधी मातीत रुजवायची. मग तिच्या सालीला चीर द्यायची आणि हव्या त्या गुलाबाच्या फांदीवरचा एक डोळा, पानाच्या बगलेतला बारीक कोंब, सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. खाली रानगुलाबाचा खुंट, वर आपला गुलाब. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून पट्टी धरायला त्यांच्यासमोर बसायचे. ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत, "खुंटातून फूट आली का मोडायची. दया नाय करायची. सगलं पानी तीच पिते आन् वरचा मरतो."

त्या गुलाबांमध्ये एक आबांचा लाडका होता. दुधावरच्या सायीचा रंग, कडांना जेमतेम गुलाबी, आणि वास असा की ओसरीवर बसलं तरी यायचा. त्याचे डोळे त्यांनी त्यांच्या शाळेतल्या मास्तरांच्या बागेतून आणले होते. त्या बागेच्या जागी आता सात मजली इमारत आहे. मी त्याचा फोटो वसईतल्या आणि विरारमधल्या नर्सरीवाल्यांना दाखवला, कोणीही ओळखला नाही. आबा गेले, विहीर बुजली, गुलाब एकेक करत गेले, आणि शेवटी दादाच्या दारात फक्त तो सायीच्या रंगाचा उरला. जगात दुसरा असेल तर मला माहीत नाही.

आबांच्या वर्षश्राद्धाला मी माहेरी गेले तेव्हा पिशवीत चाकू आणि ओलं फडकं घेऊन गेले होते. जेवणं आटोपल्यावर वहिनींना म्हटलं, एक काडी घेते, डोळे भरीन. बोटभर काडी. ओसरीवर दोन्हीकडचे पाहुणे बसले होते. वहिनी पान लावत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "माहेरवाशिणींचं मन कधी भरतं का? आज झाड, उद्या घर."

कोणीतरी हसलं. मी घरावर हक्क सोडल्याची सही आबा असतानाच करून दिली होती, कोणी मागायच्या आधी. दादाला ते माहीत होतं. तो ताटं उचलत राहिला. मी फडकं पिशवीत घातलं आणि घरी आले, आणि रिक्षात बसल्यापासून माझ्या अंगाची जी लाही झाली ती पुढची तीन वर्षं काही शांत झाली नाही.

तीन वर्षांत वहिनी गुलाबवाल्या झाल्या. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर थंडीत आबांच्या गुलाबाचे फोटो, खाली नमस्काराचे हात. 'आमचा गुलाब.' मी प्रत्येक फोटोला अंगठा दाखवायचे आणि मनात त्या अंगठ्याचं दुसरं काहीतरी करायचे.

मग एका भाऊबीजेला मी गेले. ओवाळून झालं, फराळ झाला, आणि वहिनींनी मला स्वतःहून झाडाजवळ नेलं. त्यांचा चेहरा फुलला होता. बुंध्यातून, जिथे आबांनी डोळा भरला होता त्याच्या चार बोटं खालून, एक फांदी सरळ वर आली होती. पोपटी, जाड, माझ्या खांद्याएवढी उंच. पानं बारीक आणि एका देठाला सात-सात, काटे दाट. वरच्या गुलाबाची पानं पाच-पाच, रुंद. आंधळ्यालाही हाताने कळलं असतं. खुंटाची फूट होती ती, रानगुलाब. वहिनी तिला बांबूचा आधार देऊन, शेणखत घालून वाढवत होत्या.

"बघा ना ताई, किती वर्षांनी नवी फांदी आलीय," त्या म्हणाल्या. "ही मी फार जपतेय."

अंगठ्याने दाबून ती फूट मोडायला मला दोन क्षण लागले असते. आबांचा शब्दन् शब्द मला आठवत होता. आणि मी म्हटलं, "छान जोमदार आहे. जपा हो वहिनी."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला उकळ्या फुटत होत्या. मी म्हटलं, वरच्या जुन्या फांद्या आता थकल्यात, छाटणीचे दिवस आहेतच, त्या काढल्यात तर सगळा जोर या नवीला मिळेल. त्यांनी लगेच कात्री आणली. माझ्यावर इतका विश्वास टाकायचं त्यांना काहीच कारण नव्हतं, पण गुलाबातलं मला कळतं हे त्या जाणून होत्या. त्यांच्याच हातांनी त्यांनी आबांचा गुलाब वीतभर ठेवून छाटला. मी म्हटलं, काट्यांचा कचरा दारात नको, जाताना टाकते. आणि सगळ्या फांद्या पेपरात गुंडाळून घेऊन आले. बोटभर काडी नाकारली होती ना, मी भारा आणला.

त्या आठवड्यात मी अकरा खुंटांवर डोळे भरले. दुधाच्या पिशव्यांच्या पट्ट्या कापून बांधले. दहा वाळले. एक हिरवा राहिला, फुगला, आणि फेब्रुवारी संपता संपता माझ्या गच्चीवर सायीच्या रंगाचं पहिलं फूल आलं. मी ते कोणाला दाखवलं नाही, फोटो काढला नाही. खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसले आणि पोटभर वास घेतला. इकडे ग्रुपवरचे फोटो थांबले होते. दादा फोनवर म्हणाला, यंदा फूलच नाही, जुना भाग वाळत चाललाय, पण नवी फांदी छपराला लागली. मी म्हटलं, धीर धरा, पुढच्या थंडीत बघा. फोन ठेवला आणि त्या दिवशी घरात शिरा केला. नवऱ्याने विचारलं काय विशेष, तर म्हटलं, सहज.

पावसाळ्यात जुना भाग पुरता गेला. मी मनातल्या मनात हिशेब मिटवून टाकला.

त्यानंतरच्या भाऊबीजेला दादा आणि वहिनी न कळवता माझ्याकडे आले. वहिनींच्या हातात कुंडी होती, गेरू लावून रंगवलेली, आणि तिच्यात हातभर उंचीचं रोप. दादाच बोलत होता. म्हणाला, ही त्या दिवशी ओसरीवर जे बोलली ते तिला तेव्हापासून खात होतं, पण तोंडाने सांगता येईना. जुन्या झाडाला आपणहून हात लावायची भीती वाटायची, म्हणून नवी फांदी आली तेव्हाच हिने ठरवलं की ही ताईंची. पावसाळ्यात तिलाच गुटी बांधली, तिथेच मुळं फुटू दिली, आणि मग कापून कुंडीत लावली. झाड गेलं, पण ताईंचं वाचलं, असं म्हणत हिने दोन महिने सांभाळलं.

मी चहा टाकते म्हटलं. आतून कपबशा काढते तोवर वहिनी कुंडी घेऊन गच्चीवर गेल्या होत्या, उन्हातली जागा बघायला. मी धावले, पण उशीर झाला होता. सायीच्या गुलाबाला त्या दिवशी दोन फुलं होती. वहिनी त्याच्यापुढे उभ्या होत्या. त्यांनी कुंडी खाली ठेवली, त्याचं एक पान बोटांत धरलं आणि आपल्या रोपाच्या पानाशेजारी आणलं. पाच. सात. 

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्या आत गेल्या, चहा घेतला, माझ्याकडून कुंकू लावून घेतलं, दादाला चला म्हणाल्या. कुंडी नेली नाही. आतमध्ये दादा माझ्या नवऱ्याला पाण्याच्या टँकरबद्दल विचारत होता, त्याला कशाचाच पत्ता नव्हता, आणि मला वाटतं अजून नाही.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त राग आला. तीन वर्षं मी जो राग सांभाळला, त्याच्याखालची जमीनच या बाईने काढून घेतली. माफी मागायची होती तर आधी मागायची. चारचौघांत बोललीस तर चारचौघांत मागायची. एका फांदीला बांबू लावून मुकाट्याने कसली माफी मागतेस? मला कसं कळावं?

त्या कुंडीतलं रोप आता कमरेच्या वर गेलंय. बुंधा अंगठ्याएवढा झालाय, साल गुळगुळीत, निरोगी. याहून चांगला खुंट मी आजवर पाहिलेला नाही. शेजारच्याच ड्रममध्ये आबांचा गुलाब आहे, त्यावर डोळे टपोरे फुगलेले. दहा मिनिटांचं काम आहे. एक डोळा भरायचा, महिनाभर थांबायचं, आणि वहिनींची कुंडी आबांच्या गुलाबासकट त्यांच्या दारात नेऊन ठेवायची. मला ते पहिल्याच दिवशी सुचलं होतं.

दोन हिवाळे गेले. थंडी पडते, डोळा बसेल इतकी खुंटांची साल सुटायला लागते, मी चाकूला धार लावून गच्चीवर बसते आणि बाकीच्या सगळ्या खुंटांवर डोळे भरते.